‘मागच्या वेळचीच फाईल काढा’ : प्रेसमध्ये गिऱ्हाइकांच्या फाईली कशा ठेवायच्या

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुकान टाकून तीन वर्षं झालीत, डिजिटल मशीन आणि फ्लेक्स तुमचं स्वतःचं, ऑफसेटचं काम बाहेरून करून घेता, दोन पोरं डिझाईनला आहेत. डेस्कटॉप भरलाय, डी ड्राईव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’च्या आत ‘न्यू फोल्डर’ झालेत, आणि मागच्या आठवड्यात एका हार्डवेअरवाल्याची बिलबुकं जुन्या फोन नंबरनं छापून गेली. म्हणून विचारताय की फोल्डर गिऱ्हाइकाच्या नावाने लावू, तारखेने लावू की कामाच्या प्रकाराने लावू, म्हणजे पत्रिका वेगळ्या, बिलबुकं वेगळी, फ्लेक्स वेगळे.

मी साताऱ्यात २२ वर्षं हेच करतोय, आधी दुसऱ्याच्या प्रेसमध्ये डीटीपीला होतो, मग स्वतःचं. माझं म्हणणं असं की तुमची अडचण फाईल सापडत नाही ही नाहीच. बिलबुकाची फाईल तुमच्या पोराला सापडलीच होती की, सापडली म्हणून तर छापली. फक्त ती चुकीची होती. म्हणजे खरा प्रश्न असा आहे की चार सारख्या दिसणाऱ्या फाईलींपैकी गिऱ्हाइकाने ओके केलेली आणि खरोखर मशीनवर गेलेली कुठली, हे तुम्ही दुकानात नसताना तिसऱ्या माणसाला दहा सेकंदात कळतंय का. फोल्डर नावाने लावा नाहीतर तारखेने लावा, हे कळत नसेल तर परत तेच होणार.

हे मला कसं कळलं ते सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. एक लग्नपत्रिका होती, आडनाव बाबर समजा. प्रूफ, म्हणजे छपाईआधी गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना, होऊन गेलं होतं आणि मग मुलाचे आजोबा वारले. वडील संध्याकाळी स्वतः दुकानात आले, निमंत्रकात आजोबांचं नाव होतं ते काढून वर आशीर्वादाच्या ओळीत ‘कै.’ लावून घ्यायचं होतं. माझ्याच समोर ऑपरेटरने करेक्शन केलं, सेव्ह केलं, त्यांनी स्क्रीनवर वाचलं, मान हलवली आणि गेले. आता कोरल, म्हणजे आपलं डिझाईनचं सॉफ्टवेअर, काय करतं, तुम्ही सेव्ह मारलं की आधीची फाईल ‘बॅकअप ऑफ’ असं नाव पुढे लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवून देतं. इंग्रजी अक्षरांत बाबर आणि बॅकअप दोन्ही ‘बीए’नेच सुरू होतात, त्यामुळे यादीत दोन्ही फाईली एकाखाली एक. सकाळी दुसरा पोरगा आला, त्याने खालची उघडली, म्हणजे एक करेक्शन मागची. दिसायला सगळं तेच, तोच गणपती, तीच बॉर्डर. ६०० पत्रिका छापल्या, क्रिझिंग झालं, गठ्ठे बांधले. वडील घ्यायला आले, वरची पत्रिका हातात घेतली आणि निमंत्रकांच्या ओळीवर बोट ठेवून नुसते उभे राहिले. काही बोलले नाहीत. आम्ही रात्रीतून परत छापून दिल्या, पैसे आमचे गेले ते गेले, पण त्यांचं ते उभं राहणं मी विसरलेलो नाही. त्या पोराचीही चूक मी मानत नाही, कारण त्या फोल्डरमध्ये बघून कुणालाच कळलं नसतं.

त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती सांगतो. तुमच्याकडे जशीच्या तशी चालेल असं नाही. एकट्याचं दुकान असेल आणि दिवसाला पाच-सात कामं असतील तर एक वही आणि नीट नावं दिलेल्या फाईली एवढं पुरतं. फक्त फ्लेक्सच असेल तर प्रश्न वेगळा, तिथे फाईली जड असतात आणि परत छापायचं काम कमी. पण तुमच्याकडे दोन ऑपरेटर, तीन तऱ्हेची छपाई आणि ऑफसेटला बाहेर फाईल पाठवणं आहे, म्हणजे एकच फाईल चार हातांतून जाते, तेव्हा तुम्हाला हे लागेल.

आधी तुमच्या तीन पर्यायांबद्दल. गिऱ्हाइकाच्या नावाने मी सहा वर्षं लावून बघितलं. आमच्याकडे पाटील, शिंदे, जाधव, मोरे एवढ्यातच अर्धी यादी संपते. त्यात एकच माणूस दुकानाचं बिलबुक करतो, मंडळाची पावतीबुकं करतो, भावाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करतो, मग फोल्डर माणसाच्या नावाने की दुकानाच्या की मंडळाच्या? एक ऑपरेटर एका नावाने करतो, दुसरा दुसऱ्या. प्रकाराने लावलं तर त्याच पार्टीचा लोगो पाच ठिकाणी पडतो आणि एका ठिकाणी सुधारला की चार ठिकाणी जुना राहतो, तुमच्या हार्डवेअरवाल्याचं नेमकं हेच झालं असणार. नुसत्या तारखेने लावलं तर तारीख गिऱ्हाइकाला आठवत नाही, तो सांगतो ‘गणपतीच्या आधी केलं होतं बघा’.

म्हणून जॉब नंबर. काम घेतलं की पहिल्यांदा नंबर, मग कॉम्प्युटर. आम्ही १ एप्रिलला नंबर परत एकपासून सुरू करतो, बिलाच्या नंबरसारखंच, म्हणजे २५-०४१७ म्हणजे २०२५ एप्रिलपासूनच्या वर्षातलं ४१७ वं काम. तोच नंबर ऑर्डरच्या पावतीवर, तोच फोल्डरला, तोच बिलावर. फोल्डरचं नाव म्हणजे २५-०४१७_शिंदे_हार्डवेअर_बिलबुक. इथे समजायला देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात फाईलची आणि फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच ठेवा, कारण मराठी नावाची फाईल झिप करून बाहेर पाठवली की काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि जुनं रिप सॉफ्टवेअर, म्हणजे छपाईच्या मशीनला फाईल समजावून देणारं, तर ती उघडतच नाही. आणि इंग्रजीत आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो, म्हणून शोधायचं ते नावाने नाही, नंबरने.

नंबर सापडायचा कुठून? एक एक्सेलची शीट. जॉब नंबर, तारीख, माणसाचं नाव, दुकानाचं किंवा मंडळाचं नाव, मोबाईल, काय काम, साईज, कागद, नग, दर. एवढंच. आमच्याकडे दहापैकी आठ वेळा मोबाईल नंबरवरून सापडतं, कारण नाव बदलतं, स्पेलिंग बदलतं, पण माणूस नंबर सहसा तोच ठेवतो. शीट भरायचं काम काउंटरवर जो ऑर्डर घेतो त्याचं, डिझाईनवाल्याचं नाही, डिझाईनवाल्यावर टाकलं की गर्दीच्या दिवशी राहून जातं आणि गर्दीच्या दिवसाचीच नोंद पुढे लागते.

आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट ही, की जॉब नंबर कामावरच छापा. सरकारी फॉर्म बघितलेत का, तळाशी अगदी बारीक टायपात छपाईची एक ओळ असते. तसंच बिलबुक, चलन, लेटरहेड, पावतीबुक, केसपेपर यांच्या तळाला पाच पॉइंटमध्ये प्रेसचं नाव आणि पुढे जॉब नंबर. गिऱ्हाईक संपत आलेलं पुस्तक घेऊन येतं, ‘अशीच दहा करा’ म्हणतं, तुम्ही तळाची ओळ वाचता आणि थेट फोल्डर उघडता, शोधाशोधच नाही. आमची परत येणारी निम्मी कामं त्या ओळीवरूनच निघतात. पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डावर लोकांना असं काही चालत नाही, तिथे नंबर कटिंगच्या बाहेर टाका आणि एक छापील नमुना पाकिटात घालून वर नंबर लिहून ठेवा. नमुने आम्ही खोक्यात नंबरवार लावतो, महिन्याला एक खोकं.

आता फोल्डरच्या आत. चार फोल्डर, नावापुढे आकडा म्हणजे कायम त्याच क्रमाने दिसतात: १ आलेलं, २ काम, ३ प्रूफ, ४ छपाई. रिकामा नमुना फोल्डर करून ठेवा, नवीन काम आलं की कॉपी करायचा.

‘आलेलं’मध्ये गिऱ्हाइकाने दिलेलं जसंच्या तसं. व्हॉट्सअपचा फोटो, हाताने लिहिलेल्या मॅटरचा फोटो, वर्डची फाईल, जुनं कार्ड स्कॅन केलेलं. याला कुणी हात लावायचा नाही, क्रॉपसुद्धा करायचं नाही, करायचं तर कॉपी करून ‘काम’मध्ये. कारण वाद झाला तर त्यांनी मॅटरमध्ये काय लिहून दिलं होतं ते इथे बघायचं. व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होऊन येतो, लोगो आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, हे वाक्य आम्ही काउंटरवर छापूनच लावलंय. आणि मोबाईलमध्ये आलेलं त्याच दिवशी डाउनलोड करून फोल्डरला टाका. ‘आयएमजी’ने सुरू होऊन ‘डब्ल्यूए०००७’वर संपणारं नाव चार दिवसांनी कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि उशीर केला तर फाईल परत पाठवा म्हणायची वेळ येते.

‘काम’मध्ये चालू फाईल, अक्षरं टाईप केलेली तशीच, कर्व्हज न केलेली, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा न करून टाकलेली. इथे आपल्या मराठीवाल्यांची खास अडचण आहे ती नीट समजून घ्या. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, आयएसएम, आपलं निम्मं जुनं काम अशा फॉन्टमध्ये पडलंय आणि ते युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या एकाच ठरलेल्या पद्धतीचे, नाहीत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा खिचडा दिसतो, म्हणून सगळे घाईने कर्व्हज करतात, आणि तीच फाईल सेव्ह होते. मग वर्षाने पार्टी येते, अध्यक्ष बदललेत, एक नाव बदलायचंय, आणि समोर नुसत्या रेषा. अख्खं मॅटर परत टाईप. म्हणून कर्व्हज केलेली फाईल कायम वेगळ्या नावाने ‘छपाई’त, आणि ‘काम’मधली कधीच कर्व्हज करायची नाही. सोबत एक साधी नोटपॅड फाईल ठेवा, कुठले फॉन्ट वापरले आणि कोरलचं कुठलं व्हर्जन. नवीन कामाला शक्य तिथे युनिकोड फॉन्ट वापरा, मुक्ता आणि बलूसारखे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. मात्र जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरं तुटतात, तुमचं व्हर्जन कुठलं त्यावर आहे ते.

‘प्रूफ’मध्ये फक्त गिऱ्हाइकाला पाठवलेल्या पीडीएफ किंवा जेपीजी, प्रूफ १, प्रूफ २, प्रूफ ३. फायनल हा शब्द आमच्या दुकानात फाईलच्या नावात चालत नाही, सगळ्यांना सांगून ठेवलंय. आकडा चढत जातो, संपला विषय. प्रूफच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात ‘प्रूफ ३’ असं छापलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाने उत्तर द्यायचं ते ‘प्रूफ ३ ओके’ असं लिहून. नुसता अंगठा आला तर आम्ही परत विचारतो, कारण अंगठा कशाला दिलाय ते कळत नाही, कदाचित मागच्या प्रूफला असेल. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट याच फोल्डरमध्ये. पत्रिकेच्या वेळी आधीच ठरवून घ्या की ओके कोण देणार, एकच माणूस. मुलीकडचे एक सांगतात, मुलाकडचे दुसरं सांगतात, मामा फोनवर तिसरं सांगतात, आणि प्रत्येकाचं खरं असतं. दुकानात उभं राहून तोंडी करेक्शन दिलं तरी प्रूफचा नवीन नंबर पडलाच पाहिजे. बाबरांच्या वेळी तेच राहिलं होतं.

‘छपाई’ हा फोल्डर मात्र जिवापाड जपा. त्यात एका छपाईची एकच फाईल. पुढची-मागची बाजू असेल तर एकाच पीडीएफची दोन पानं. ओके आल्याशिवाय तिथे काही जायचं नाही, आणि मशीनवरचा माणूस, फ्लेक्सवाला, ऑफसेटच्या प्लेटला फाईल पाठवणारा, कुणीही या फोल्डरच्या बाहेरून फाईल उचलायची नाही. नावात प्रूफचा नंबर येतो, २५-०४१७_प्रूफ३, म्हणजे स्क्रीनशॉटशी जुळवता येतं. प्लेट निघाली किंवा छपाई सुरू झाली की प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रीड ओन्ली करा. नंतर काही बदल निघाला तर इथे दुरुस्ती करायची नाही, मागे ‘काम’मध्ये जायचं, नवीन प्रूफ, नवीन ओके, मग जुनी उचलून नवीन ठेवायची. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या. कोरलची बॅकअप फाईल या फोल्डरमध्ये होतच नाही कारण इथे कोरलमध्ये कुणी सेव्ह करतच नाही. बाहेर प्लेटला कोरलची फाईलच लागत असेल तर त्यांच्या व्हर्जनला उतरवून कर्व्हज करून द्या, जुन्या कोरलमध्ये नवीन फाईल उघडत नाही. पण माझं मत विचाराल तर पीडीएफच द्या, आणि कर्व्हज झाल्यावर एकदा रफार, वेलांट्या, अनुस्वार डोळ्यांनी वाचून घ्या.

फ्लेक्सला एक जास्तीची गोष्ट, साईज नावात लिहा, आधी रुंदी मग उंची, आणि फाईल लहान स्केलमध्ये केली असेल तर स्केलही. १०x८फूट_स्केल१०. हे नसलं की १० बाय ८ चा ८ बाय १० होतो. पेजमेकर किंवा इनडिझाईनमध्ये पतसंस्थेचे अहवाल करत असाल तर फोटो लिंक असतात, फोल्डर इकडून तिकडे हलवला की तुटतात, म्हणून सगळे फोटो त्याच जॉबच्या ‘काम’मध्ये आणून मगच लावायचे. अहवालाची गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरला एकदम येते कारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तेव्हा हे शोधत बसायला वेळ नसतो.

नेहमीच्या पार्ट्यांसाठी, म्हणजे शाळा, दवाखाने, पतसंस्था, मोठे दुकानदार, एक वेगळा ‘पार्टी’ फोल्डर ठेवा, पण त्यात कामं नाहीत. त्यात फक्त लोगो, तोही व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणारा, त्यांच्या रंगाचे सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे आकडे, आणि चालू पत्ता, फोन, जीएसटी नंबर असलेली एक टेक्स्ट फाईल. पत्ता बदलला की इथे बदलायचा, आणि कुठलंही नवीन काम इथूनच पत्ता घेणार, जुन्या कामातून नाही. तुमच्या हार्डवेअरवाल्याच्या फोन नंबरवर औषध हेच आहे.

निवडणुकीचं काम घेत असाल तर तेही याच फोल्डरात बसवा. लोकसभा-विधानसभेच्या प्रचाराच्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७अ प्रमाणे प्रकाशकाने सही केलेलं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घेतल्याशिवाय छापता येत नाही. छापून झाल्यावर त्याची एक प्रत आणि पत्रकाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची, राजधानीच्या शहरात असाल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे त्यात. कार्यकर्ते रात्री अकराला येतात आणि कागद उद्या देतो म्हणतात. आमच्याकडे त्या घोषणापत्राचा स्कॅन ‘आलेलं’मध्ये पडल्याशिवाय फाईल ‘छपाई’त जात नाही.

काही गोष्टी मात्र ठेवायच्याच नाहीत. आधार, पॅन, मार्कलिस्ट, पासबुक, लोक झेरॉक्सला किंवा प्रिंटला व्हॉट्सअप करतात, ते दिवस संपताना कॉम्प्युटरवरून आणि मोबाईलवरून डिलीट. शाळेच्या प्रश्नपत्रिका आम्ही वेगळ्या मशीनवर करतो, नेट नसलेल्या, आणि गठ्ठे पोचल्यावर पुसून टाकतो. लोक विश्वासाने देतात, तो आपल्याकडून मोडायला नको.

बॅकअपचं थोडक्यात. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, एक दिवसाआड बदलून, आणि कॉपी झाली की वायर काढून ठेवायची. वायर लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नाही, रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आलं की तीही सोबत लॉक होते, माझ्या ओळखीच्या एका प्रेसमध्ये आठ वर्षांचं काम असं गेलं, गिऱ्हाइकाच्या पेनड्राईव्हमधून आलं होतं. म्हणून पेनड्राईव्ह फक्त काउंटरच्या कॉम्प्युटरला, डिझाईनच्या मशीनला नाही. एक डिस्क रात्री घरी न्या.

आता राहिला तुमचा तीन वर्षांचा पसारा. तो लावत बसू नका. मी बसलो होतो, दिवाळीनंतरचे चार दिवस घालवले आणि अर्धंही झालं नाही. सगळं उचलून ‘जुनं’ नावाच्या एका फोल्डरमध्ये टाका आणि उद्या सकाळी येणाऱ्या पहिल्या कामाला नंबर एक द्या. जुन्यातलं एखादं काम परत आलं की तेवढंच तिथून काढायचं आणि नवा नंबर देऊन नव्या पद्धतीत बसवायचं. वर्षभरात परत येणारी बहुतेक पार्टी अशीच आपोआप लागते, जे येत नाही ते तिथे राहिलं तरी काही बिघडत नाही.

आणि कुणी ‘मागच्या वेळचीच फाईल काढा’ म्हणालं तर फाईल उघडायच्या आधी त्यांच्याकडून छापील पुस्तक मागून घ्या, नाहीतर तुमच्या पाकिटातला नमुना काढा. नवा नंबर टाका, जुन्या जॉबच्या ‘काम’मधून कॉपी आणा, छापील कागद शेजारी धरून पत्ता, फोन, जीएसटी नंबर आणि बिलाचा शेवटचा आकडा वाचून दाखवा, मोठ्याने. नंबरिंग कुठून सुरू करायचं ते त्यांच्याच तोंडून घ्या आणि पावतीवर लिहा. हार्डवेअरवाल्यांची बिलबुकं परत करून देणारच असाल तर सुरुवात त्याच कामापासून करा, त्याचाच नंबर एक ठेवा.